शॉर्टवेव्हवर परदेशी केंद्रे ऐकताना : कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

सातारा-सांगली भागात शॉर्टवेव्ह रेडिओ नव्याने घेणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. रेडिओ आणला, गच्चीवर तार ओढली, दुपारी दोन वाजता सगळे बँड (फ्रिक्वेन्सींचे ठरलेले पट्टे) फिरवून पाहिले आणि खरखरीखेरीज काही लागले नाही, तेव्हा शॉर्टवेव्हचे दिवस संपले असावेत. केंद्रे कमी झाली आहेत हे खरे आहे. पण या तक्रारीमागे केंद्रांच्या अभावापेक्षा कामाचा उलटा क्रम अधिक असतो. लोक आधी तार टांगतात, मग स्टेशन शोधतात आणि घरातल्या विजेच्या उपकरणांचा गोंगाट व घड्याळाचा हिशेब या दोन गोष्टींकडे शेवटी वळतात किंवा वळतच नाहीत. आधी गोंगाट, मग घड्याळ, मग यादी आणि बँड, आणि सर्वांत शेवटी तार, हा योग्य क्रम आहे. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. एक पुरा झाल्याशिवाय पुढच्याला हात घालू नये.

## १. रेडिओची निवड

यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. फ्रिक्वेन्सी आकड्यांत दाखवणारा, ती थेट आकडे दाबून लावता येणारा, बँडविड्थ, म्हणजे एका वेळी ऐकू येणाऱ्या पट्ट्याची रुंदी, कमी-जास्त करता येणारा आणि सेलवर चालणारा कोणताही बरा संच पुरतो. टेक्सन पीएल-३३० किंवा एक्सएचडेटा डी-८०८ यांसारख्या छोट्या संचांत हे सर्व आहे, शिवाय एसएसबीची, म्हणजे लहरीचा एकाच बाजूचा पट्टा ऐकण्याची, सोयही आहे. घरात जुना मर्फी किंवा फिलिप्स असेल तर तो जपून ठेवावा, पण शिकण्यासाठी वापरू नये. काट्याच्या डायलवर आपण नेमके कोठे आहोत हे कळत नाही आणि नवख्याची अर्धी शक्ती त्यातच खर्च होते.

सावधान : रेडिओ ॲडॉप्टरवर लावून ऐकू नये. स्वस्त ॲडॉप्टरचा स्वतःचाच आवाज शॉर्टवेव्हवर पसरतो. ऐकताना नेहमी सेल किंवा चार्ज केलेली बॅटरी वापरावी.

## २. घरातला गोंगाट शोधणे

हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा टप्पा आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सेट टॉप बॉक्स, वाय-फायचे राउटर, इंडक्शनची शेगडी, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि गच्चीवरच्या सौर पॅनेलचा इन्व्हर्टर ही सारी उपकरणे आत वीज फार वेगाने चालू-बंद करून काम भागवतात. या क्रियेतून निघणाऱ्या लहरी नेमक्या शॉर्टवेव्हच्या पट्ट्यात पडतात. दूरच्या केंद्राचा क्षीण आवाज या गोंगाटाखाली दबलेला असेल तर लांब तार जोडून काहीही साधत नाही, कारण तार केंद्राबरोबर गोंगाटही तितकाच वाढवते.

तपासणी पुढीलप्रमाणे करावी. रेडिओ सेलवर चालू करून ९,३०० किलोहर्ट्झच्या आसपास, जेथे एकही केंद्र लागत नाही अशा रिकाम्या जागी लावावा आणि आवाज ऐकू येईल इतका मोठा ठेवावा. घरातल्या सर्वांना सांगून, फ्रिज आणि संगणक नीट बंद करून मगच मुख्य स्विच पाडावा. खरखर एकदम खाली आली तर दोष आपल्याच घरात आहे. मग सर्व एमसीबी खाली पाडून मुख्य स्विच पुन्हा चालू करावा आणि एमसीबी एकेक करून वर करावेत. ज्या एमसीबीबरोबर गुणगुण परत येते त्या खोलीतली उपकरणे एकेक करून काढावीत. सांगलीच्या विश्रामबागेतल्या किंवा साताऱ्याच्या शाहूपुरीतल्या कोणत्याही फ्लॅटमध्ये हा प्रयोग केला तर बहुधा तीन-चार अपराधी सापडतात, आणि त्यांतला एखादा तरी मोबाइल न जोडता भिंतीत नुसताच खोचून ठेवलेला चार्जर असतो. सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आतून चालूच असतो, म्हणून तो बटणावरच बंद करावा लागतो. हाताच्या अंतरावर रेडिओ धरून प्रत्येक दिव्याजवळ फिरलात तर कोणता एलईडी दिवा वाईट आहे हे कानालाच कळते. तेवढाच बदलला तरी पुष्कळ फरक पडतो.

लाईट गेल्यावर आपोआप तपासणी होते असे अनेकांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. लाईट जाताच घरचा इन्व्हर्टर सुरू होतो आणि अनेक इन्व्हर्टर वीजवाहिनीपेक्षा अधिक गोंगाट करतात. तेव्हा लाईट गेल्यावर इन्व्हर्टरही बंद करून ऐकले तरच त्या शांततेला अर्थ आहे.

मुख्य स्विच पाडूनही गोंगाट तसाच राहिला तर उगम बाहेर आहे, आणि तो केव्हा येतो व केव्हा जातो यावरून ओळखावा. दिवसभर असणारा आणि सूर्य मावळताच नाहीसा होणारा आवाज शेजारच्या सौर इन्व्हर्टरचा असण्याची दाट शक्यता असते. शेताजवळच्या घरात ठरावीक वेळांनाच येणारा आवाज शेतीच्या थ्री फेज लाईटच्या वेळांशी ताडून पाहावा. पंपाचा स्टार्टर किंवा ऑटो स्विच सापडतो. कोरड्या उन्हाळ्यात वाढणारी आणि पाऊस पडून खांब भिजले की थांबणारी करकर ही विजेच्या खांबावरच्या सैल जोडाची किंवा तडकलेल्या चिनीमातीच्या इन्सुलेटरची असते. अशा वेळी खांबाचा क्रमांक लिहून घेऊन महावितरणच्या शाखा कार्यालयात कळवावे. त्या जोडातून ठिणगी उडत असल्याने तो धोक्याचाही असतो. स्वतः खांबाजवळ काहीही करू नये.

खात्री : रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर रेडिओची दांडी पूर्ण आत सारली आणि पूर्ण बाहेर काढली, तर बाहेर काढताना गुणगुण नव्हे, तर मोकळी, एकसारखी सळसळ वाढली पाहिजे. तसे होत नसेल तर पुढे जाऊ नये. खोली बदलावी, खिडकीजवळ बसावे, किंवा सरळ गच्चीवर जावे. सिमेंटच्या स्लॅबमधल्या लोखंडी सळ्या लहरी अडवतात, त्यामुळे मधल्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत चांगला रेडिओही मुका होतो.

## ३. घड्याळाचा हिशेब

परदेशी केंद्रांची सर्व वेळापत्रके यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात. आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे, म्हणून आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा केले की यूटीसी मिळते. संध्याकाळी साडेसात म्हणजे १४:०० यूटीसी, सकाळी साडेसहा म्हणजे ०१:०० यूटीसी. इतके बहुतेकांना जमते.

चूक होते ती तारखेत. आपल्याकडे मध्यरात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीची तारीख आदल्या दिवसाची असते. १४ जानेवारीला पहाटे साडेचारला ऐकलेला कार्यक्रम यूटीसीप्रमाणे १३ जानेवारीच्या २३:०० वाजताचा आहे. वारही बदलतो, त्यामुळे ‘फक्त रविवारी’ असा शेरा असलेले रात्रीचे प्रक्षेपण आपल्याकडे सोमवारी पहाटे येते. कार्यक्रम ऐकल्याचे केंद्राला पाठवलेले अहवाल नाकारले जाण्याचे हे फार मोठे कारण आहे, कारण त्यांच्या नोंदवहीत त्या तारखेला तो कार्यक्रमच नसतो.

यावर उपाय साधा आहे. ऐकण्याच्या जागी एक वेगळे घड्याळ यूटीसीवर लावून ठेवावे आणि त्याच्याशेजारी यूटीसीची तारीख व वार लिहिलेली पाटी किंवा कागद ठेवावा आणि ती तारीख रोज पहाटे साडेपाचला बदलावी. मनात वजाबाकी करत बसू नये. रात्री झोपेच्या भरात ती हमखास चुकते.

## ४. मोसमाची यादी हाताशी घेणे

शॉर्टवेव्हच्या फ्रिक्वेन्सी कायमच्या नसतात. वर्षाचे दोन मोसम मानले जातात : मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ‘ए’, आणि तेथून पुढच्या मार्चपर्यंत ‘बी’. ‘ए२५’ हा मोसम ३० मार्च २०२५ रोजी सुरू झाला, ‘बी२५’ हा २६ ऑक्टोबर २०२५ रोजी. प्रत्येक मोसमासाठी एचएफसीसी ही संस्था जगभरच्या प्रक्षेपणांचा मेळ घालते आणि तिची यादी सर्वांना पाहता येते. याच दोन रविवारी युरोपातली घड्याळे तासभर मागे-पुढे होतात. आपली होत नाहीत. म्हणून तेथला एखादा कार्यक्रम आपल्याकडे हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा तासभर उशिरा येऊ शकतो.

या लेखात केंद्रांची तयार यादी मुद्दाम दिलेली नाही. अशा याद्यांची कात्रणे वर्षानुवर्षे फिरत राहतात आणि लोक त्यांवर बंद पडलेली केंद्रे शोधत बसतात. रेडिओ ऑस्ट्रेलियाचे शॉर्टवेव्ह प्रक्षेपण जानेवारी २०१७ अखेर थांबले, बीबीसीची हिंदी सेवा शॉर्टवेव्हवरून जानेवारी २०२० अखेर थांबली. तरी दोन्हींच्या जुन्या फ्रिक्वेन्सी आजही विचारल्या जातात. चालू मोसमाची यादी घ्यावी, तिच्यातून दक्षिण आशियाकडे रोखलेली आणि आपल्याला कळणाऱ्या भाषेतली प्रक्षेपणे निवडावीत आणि वहीत आपल्या वेळेच्या क्रमाने उतरवून काढावीत. हे हाताने लिहिण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण त्यानेच यादी डोक्यात बसते.

सावधान : यादीत पुष्कळदा केंद्राचे नाव एका देशाचे आणि प्रक्षेपक दुसऱ्या देशात असतो. बीबीसीचा आवाज लंडनहून थेट येतो असे नाही. ओमानमधल्या अल सीला येथून किंवा अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावरूनही तो येतो. ओमानहून आलेले खणखणीत प्रक्षेपण ऐकून इंग्लंड ऐकले असे नोंदवू नये. प्रक्षेपकाचे ठिकाण हा स्वतंत्र रकाना ठेवावा.

## ५. वेळ पाहून बँड निवडणे

दिवसा सूर्याच्या प्रकाशाने वातावरणाच्या वरच्या भागात, साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर, ‘डी’ हा थर तयार होतो आणि तो कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर हा थर विरतो आणि त्याच लहरी आणखी उंचावरच्या ‘एफ’ थरापर्यंत पोहोचून परत जमिनीकडे वळतात. उलट जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरींना परत वळवण्याइतका दाटपणा ‘एफ’ थरात मुख्यतः दिवसा असतो. यातून निघणारा नियम एका वाक्याचा आहे : दिवसा वरचे आकडे, रात्री खालचे.

मीटर आणि किलोहर्ट्झ यांचा गोंधळ होत असेल तर ३,००,००० ला किलोहर्ट्झने भागावे. ९,६०० किलोहर्ट्झ म्हणजे ३१.२५ मीटर, म्हणून तो ३१ मीटर बँड. मुख्य बँड असे : ४९ मीटर ५,९०० ते ६,२००, ४१ मीटर ७,२०० ते ७,४५०, ३१ मीटर ९,४०० ते ९,९००, २५ मीटर ११,६०० ते १२,१००, १९ मीटर १५,१०० ते १५,८०० आणि १६ मीटर १७,४८० ते १७,९०० किलोहर्ट्झ. काही केंद्रे या सीमांच्या थोडी बाहेरही असतात.

आपल्या भागात सुरुवात सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी करावी, म्हणजे डिसेंबरात साडेपाचच्या आणि जूनमध्ये साडेसहाच्या सुमारास. तेव्हा १९ आणि २५ मीटर चांगले चालतात. सातनंतर ३१ मीटर भरतो, आणि आठपासून ४१ व ४९ मीटरवर गर्दी होते. पहाटे हाच क्रम उलटा चालतो. दुपारी १६ व १९ मीटर उघडे असले तरी केंद्रे विरळ असतात, कारण प्रक्षेपण करणारे श्रोता घरी असण्याच्या वेळा, म्हणजे सकाळ आणि संध्याकाळ, निवडतात. दुपारी दोनला रेडिओ फिरवून निराश होणाऱ्यांचे मूळ येथे आहे.

ऋतूचाही विचार करावा. एप्रिल-मेमध्ये वळीव घोंगावत असताना शेकडो किलोमीटर दूरची वीजही ४९ आणि ४१ मीटरवर कडकड करते. त्या दिवसांत २५ मीटरच्या वर राहावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खालच्या बँडसाठी आपल्याकडचा उत्तम काळ आहे आणि माझ्या मते नवख्याने सुरुवात याच महिन्यांत करावी.

खात्री : चीनचे बीपीएम हे वेळदर्शक केंद्र ५,००० आणि १०,००० किलोहर्ट्झवर, आणि दिवसा काही तास १५,००० वरही, दर सेकंदाला टिकटिक पाठवते, प्रत्येक अर्धा तास भरण्याआधीच्या मिनिटाला मोर्समध्ये आणि चिनी भाषेत आपली ओळख सांगते. या तिन्हींपैकी कोणत्या फ्रिक्वेन्सीवर टिकटिक येते ते पाहिले की या क्षणी कोणते बँड उघडे आहेत याचा अंदाज येतो. तिन्हींवर काहीच नसेल तर दुसरा टप्पा पुन्हा तपासावा.

## ६. केंद्र लावणे आणि ओळखणे

बँड वरपासून खालपर्यंत फिरवत बसू नये. यादीतले एकच केंद्र घ्यावे, त्याच्या वेळेआधी पाच मिनिटे फ्रिक्वेन्सी लावून थांबावे. पुष्कळ केंद्रे सुरुवातीआधी काही मिनिटे आपली ठरलेली धून वाजवतात. आकाशवाणीची तंबोऱ्याच्या साथीची सकाळची धून जशी कोणालाही झोपेत ओळखू येते, तशीच या धुनांची ओळख हळूहळू होते. मग तास भरताच केंद्राचे नाव आणि भाषा सांगितली जाते. ते नाव कानाने ऐकल्याशिवाय यादीच्या भरवशावर नोंद करू नये.

लहरी कधी एका वाटेने, कधी दोन वाटांनी येतात आणि आवाज वर-खाली होतो. आवाज खाली गेला की लगेच बटण फिरवणे ही सवय मोडावी. किमान पाच मिनिटे एका जागी राहावे. केंद्रे सहसा ५ किलोहर्ट्झच्या पटीत असतात. शेजारचे बलवान केंद्र घुसत असेल तर बँडविड्थ ६ वरून ३ किलोहर्ट्झवर आणावी. आवाज थोडा बसका होतो पण शब्द सुटे होतात. तेवढ्याने भागले नाही तर एसएसबी लावून, शेजारी ज्या बाजूला आहे तिच्या विरुद्ध बाजूचा पट्टा ऐकावा आणि गाण्याचा सूर खरा लागेपर्यंत बारीक बटण फिरवावे.

फसवणारे चार आवाज आधीच ओळखून ठेवावेत. पहिला म्हणजे सुमारे १० किलोहर्ट्झ रुंदीची, काठ स्पष्ट असलेली एकसारखी सळसळ. ती घरातला गोंगाट नसून डीआरएम या डिजिटल पद्धतीचे प्रक्षेपण असते आणि साध्या रेडिओवर ते उलगडत नाही. दुसरा म्हणजे बँडभर ठोके देत सरकणारी रडारची धडधड. ती काही मिनिटांत जागा बदलते. तिसरा म्हणजे दुसऱ्या भाषेच्या खाली चालणारा चिनी कार्यक्रम. नको असलेली परदेशी प्रक्षेपणे दडपण्यासाठी चीन आपला राष्ट्रीय रेडिओ त्याच फ्रिक्वेन्सीवर सोडतो. चौथा सर्वांत घातक आहे, कारण तो अगदी खऱ्या केंद्रासारखा ऐकू येतो. आलेली लहर आत एकाच टप्प्यात ४५५ किलोहर्ट्झवर आणणाऱ्या स्वस्त संचांत बलवान केंद्र आपल्या खऱ्या जागेच्या ९१० किलोहर्ट्झ खालीही उमटते. ११,८०० वरचे केंद्र १०,८९० वर लागले तर नवे केंद्र सापडल्याचा आनंद करू नये. ९१० मिळवून तेथे तेच ऐकू येते का ते पाहावे.

## ७. आता तार

रेडिओच्या स्वतःच्या दांडीवर वेगवेगळ्या देशांची पाच-सहा केंद्रे ओळखून झाली की मगच बाहेरची तार लावावी, म्हणजे तिने काय बदलले हे कळते. छोट्या रेडिओला १० मीटर पुरते. फार लांब तारेने हे संच गुदमरतात आणि मध्यम लहरींवरची जवळची केंद्रे शॉर्टवेव्हवर डोकावू लागतात. तसे झाले तर रेडिओवरचे ‘लोकल’ बटण वापरावे किंवा तार आखूड करावी.

प्लॅस्टिकचे आवरण असलेली साधी तांब्याची तार घ्यावी. दोन्ही टोकांना वीतभर पीव्हीसी पाइपचे तुकडे इन्सुलेटर म्हणून बांधावेत, त्यांना नायलॉनची दोरी लावून एक टोक गच्चीच्या कठड्याला आणि दुसरे घरापासून दूर असलेल्या झाडाला बांधावे. झाड वाऱ्याने हलते, म्हणून तिकडची दोरी थोडी सैल सोडावी. उंचीपेक्षा घरापासूनचे अंतर महत्त्वाचे आहे. भिंतीला समांतर, वायरिंगला चिकटून गेलेली उंच तार ही घरातलाच गोंगाट गोळा करते. तार घरापासून दूर असेल तर तेथून रेडिओपर्यंत कोॲक्सियल केबल (टीव्हीला असते तशी) आणावी, जोडाशी तार व केबल यांचा मेळ घालणारा नऊ-एकचा ट्रान्सफॉर्मर बसवावा आणि तेथेच जमिनीत स्वतंत्र सळई ठोकून अर्थ द्यावा. घरातल्या प्लगची अर्थ पिन यासाठी कधीही वापरू नये. साताऱ्याच्या पावसात उघडा जोड एका हंगामात हिरवा पडतो, तेव्हा प्रत्येक जोडावर रबरी टेप ताणून गुंडाळावी.

साताऱ्यात यवतेश्वरच्या किंवा अजिंक्यताऱ्याच्या अगदी पायथ्याशी घर असेल तर डोंगराच्या दिशेने कमी कोनात येणाऱ्या लहरी काहीशा अडतात. तार डोंगरापासून शक्य तितकी दूर न्यावी. सांगलीच्या सपाटीवर ही अडचण नाही. तेथे अडचण दाट वस्तीच्या गोंगाटाची आहे, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने तारेऐवजी गॅलरीत फिरवता येणारी लूप एरियल घ्यावी. ती वळवून गोंगाटाची एक दिशा बरीच दाबता येते.

सावधान : तार विजेच्या वाहिनीच्या वरून, खालून किंवा ती तुटल्यास वाहिनीवर पडेल अशी कोठेही नेऊ नये. ढग गडगडू लागण्याआधी तार रेडिओपासून काढून घराबाहेर टाकावी. वीज प्रत्यक्ष पडलीच पाहिजे असे नाही. जवळून गेलेल्या वादळानेही तारेवर साठलेला विद्युतभार रेडिओचा आतला, एरियलला जोडलेला भाग जाळू शकतो. गडगडाट सुरू झाल्यानंतर तारेला हात लावू नये.

## ८. नोंदवही आणि अहवाल

नोंद ऐकतानाच करावी, नंतर आठवून नव्हे. यूटीसी तारीख, सुरुवात आणि शेवट, किलोहर्ट्झ, केंद्र, भाषा, प्रक्षेपकाचे ठिकाण, सिनपो आणि कार्यक्रमाचा तपशील इतके रकाने पुरतात. सिनपो म्हणजे पाच आकडे : सिग्नलची ताकद, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, खरखर, लहरींचा चढउतार आणि एकूण दर्जा. प्रत्येकाला १ ते ५ गुण, ५ सर्वांत चांगला. सौजन्य म्हणून सगळ्यांना ५५५५५ लिहिणे ही फार पसरलेली चूक आहे. अशा अहवालाचा केंद्राच्या अभियंत्यांना काहीच उपयोग नसतो. अडथळ्याला २ गुण दिले असतील तर एकूण दर्जा ४ होऊ शकत नाही.

केंद्राकडून क्यूएसएल कार्ड, म्हणजे ऐकल्याच्या अहवालाची पोच, हवे असेल तर किमान वीस ते तीस मिनिटे ऐकून तपशील लिहावा. ‘बातम्या आणि संगीत’ हा तपशील नव्हे, कारण तो न ऐकताही लिहिता येतो. ‘१४:०६ ला पूरस्थितीची बातमी, १४:११ ला स्त्री निवेदकाने श्रोत्यांची पत्रे वाचली, १४:१८ ला बासरीवरची धून’ असे मिनिटांसह लिहावे. रेडिओचे नाव, एरियलची लांबी आणि आपले गाव हेही द्यावे. इंटरनेटवरच्या परक्या रिसीव्हरवर ऐकून आपल्या गावाच्या नावाने अहवाल पाठवू नये. सांगलीत कसे ऐकू येते हेच केंद्राला जाणून घ्यायचे असते.

पुष्कळ केंद्रे आता ईमेल स्वीकारतात आणि मिनिटभराचे ध्वनिमुद्रण जोडले तर पडताळणी सोपी होते. टपालाने पाठवायचे असल्यास परतीसाठी भारतीय तिकिटे घालू नयेत, ती परदेशात चालत नाहीत. काही महिन्यांत उत्तर आले नाही तर तोच अहवाल पुन्हा न पाठवता नव्या तारखेचे नवे ऐकणे पाठवावे, आणि मधल्या काळात मोसम बदलला असेल तर चौथ्या टप्प्यातली यादी आधी नवी करून घ्यावी.